बासष्ट अंश, तीस कला

काटकोन केवढा असतो, हा प्रश्न आमच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला विचारला जायचा. मलाही विचारला गेला. नकाशे काढायची नोकरी लागून मी जेमतेम खुर्चीत टेकले होते, तेवढ्यात समोरच्या टेबलावरचा काटक म्हातारा चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "बाई, काटकोन केवढ्याचा?"

मी म्हटलं, "नव्वद."

"नव्वद काय? किलो?"

"नव्वद अंश."

"मंग तसं सांगा ना. नुसता आकडा म्हंजे बिनागावाचा मानूस. कुठून आला, कोनाचा कोन, काई पत्ता नाई. अशाले घरात घ्याचं नसते."

एवढं बोलून ते पुन्हा आपल्या कामाला लागले. मला वाटलं, पहिल्याच दिवशी आपल्या वाट्याला हे काय आलंय. त्यांना सगळे काकाच म्हणायचे, म्हणून मीही काकाच म्हणते.

ऑफिस वर्ध्यात, एका झेरॉक्सच्या दुकानावर. जमिनी मोजायच्या, प्लॉट पाडायचे, नकाशे काढून द्यायचे. मालक तरुण इंजिनियर, काका त्याच्या वडिलांच्या वयाचे. काकांची सगळी नोकरी कालव्यांच्या मोजणीत गेली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथे येऊ लागले. मी तिथे अजूनही कॉम्प्युटरच्या पडद्यावर दुसऱ्यांच्या धुऱ्यांच्या रेघा ओढत असते. धुरा म्हणजे आमच्याकडे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे कुणी पेढे घेऊन येत नाही, भांडण घेऊन येतात. एक भाऊ बाकावर बसलेला, दुसरा दाराबाहेर पाठ करून उभा. दिवसभर हे बघायचं, संध्याकाळी डोळे चुरचुरत असताना देवळीची बस पकडायची आणि घरी जाऊन भाकरी टाकायच्या. खरं सांगायचं तर मी या सगळ्याला केव्हाचीच कंटाळलेय. त्या काळात नोकरी सोडली नाही याला कारण एकच, काकांचा वेडेपणा बघायला मिळायचा.

डिग्री आणि मिनिट हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. त्यांचं सगळं अंश, कला आणि विकला यांत. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. शब्द पंचांगातले, पण काकांनी ते धरले होते गिऱ्हाइकांच्या धास्तीने. पूर्वी आष्टीकडे एका संत्र्याच्या बागेत मोजणी चालली असताना त्यांनी यंत्राला डोळा लावून मोठ्याने सांगितलं, चाळीस डिग्री वीस मिनिटं. बागेचा मालक म्हणाला, "वीस मिनिटं हाय ना, मंग मी चहा पिऊन येतो." तो गेला तो जेवूनच आला, आणि त्याच्या माघारी झालेली मोजणी त्याने मानली नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून कोनाचं मिनिट बंद आणि कला सुरू.

हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरायची त्यांना सवय होती. हाताच्या अंतरावरची मूठ दहा अंश, करंगळी एक अंश, आणि बोटं फाकवून वीत केली की वीस. या तिन्हींवर त्यांनी वर्धा जिल्ह्यातलं सगळं उभं काही मोजून ठेवलं होतं, पाण्याच्या टाक्या, मोबाईलचे टॉवर, देवळांचे कळस. चंद्र केवढा, तर करंगळीच्या निम्मा, तीस कला. "एवढासा हाय, पन लोकाईनं किती मोठा करून ठेवला," असं म्हणायचे. शेतावर सूर्य कलला की क्षितिजावर मुठी रचायचे आणि मजुरांना सांगायचे, "दीड मूठ राह्यली, म्हंजे एक तास." सूर्य तासाला पंधरा अंश चालतो, म्हणून दीड मूठ. अंशांचे तास आणि तासांचे अंश करताना त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते पगाराच्या दिवशीही दिसत नसे.

घरी त्यांची ही विद्या कितपत चालत होती ते मी एकदाच पाहिलं. नाचणगावला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकूंनी विचारलं, भाकर वाढू का? काका म्हणाले, "नव्वद अंश द्या." काकूंनी चतकोर मोडून ताटात टाकली आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यायले भूक बी मोजून लागते, बाई." काका मान खाली घालून जेवत राहिले.

ते नाचणगावहून पुलगावला येऊन बस धरत आणि मी देवळीला चढत असे. माझ्यासाठी खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरलेली असायची. वळणावर बस कलली की शेजारून बारीक आवाजात आकडा ऐकू यायचा, बारा अंश, पंधरा अंश. मी डोळे मिटून पडलेली असे आणि ते आकडे झोपेत शिरत. सुरुवातीला वैताग यायचा. पुढे पुढे ते रजेवर असले की बस नुसतीच कलायची आणि मला चुकल्यासारखं वाटायचं.

कोनाची दुसरी मापं त्यांना माहीत नव्हती असं नाही. नात्यातल्या सगळ्या माणसांची खबर ठेवावी तशी ते सगळ्या मापांची खबर ठेवून असत. एकदा मालकाने नागपूरहून भाड्याने यंत्र आणलं, ते काटकोनाला शंभर दाखवू लागलं. मालक घाबरला, यंत्र बिघडलं म्हणून नागपूरला फोनवर फोन लावू लागला. काका मात्र एखादा लांबचा पाहुणा भेटल्यासारखे खूश. "बिघडलं नाई, ते दुसऱ्या घरचं माप हाय. पुऱ्या चक्राचे आपन तीनशेसाठ भाग करतो, त्याईनं चारशे केले. तिकडं फ्रान्सात क्रांती झाली तवा त्याईले वाटलं, राजा गेला तं साठाचा हिसाब कायले ठेवाचा, शंभराचा करू. नवं राज्य आलं का मानसं पयले मापं बदलवते." मग त्यांनी मालकाला शंभरचे नव्वद कसे करायचे ते शिकवलं, दहाने भागायचं आणि नवाने गुणायचं, आणि यंत्रातली एक कळ दाबून भानगडच संपवली.

माझी मुलगी बारावीत असताना एका रात्री ज्या-कोज्याची, म्हणजे साइन-कोसाइनची, गणितं करताना रडायला लागली. तीस अंशाची ज्या अर्धी येते हे तिला तोंडपाठ, पण कॅल्क्युलेटर काहीतरी उणे आकडा दाखवत होता. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय, डब्बा रेडियनमधी बसला हाय." आणि मला रेडियन समजावला. वर्तुळाची त्रिज्या घ्यायची, तेवढीच दोरी वर्तुळाच्या काठाने अंथरायची, मधोमध जो कोन होईल तो एक रेडियन. सत्तावन्न अंशांहून थोडा मोठा. मी म्हटलं, काका, हे तर सोपं आहे. "सोपं हाय, पन त्याले मानसाईची लाज नाई. कोनताच सोयीचा आकडा पुरा येत नाई त्यात. काटकोन सांगाचा म्हनलं तं एक पूर्नांक सत्तावन्न आनि पुढं शेपूट. अशानं कोनाचा धुरा ठरते का?"

धुरा ठरवायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी आयुष्यभर पाळली. टेपचं टोक ते आपल्या माणसाला कधी धरू देत नसत. एक टोक एका भांडणाऱ्याच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. जे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसत ते काकांच्या टेपने बांधले जात. आकडा वाचला की दोघांनी मोठ्याने "मान्य" म्हणायचं, तेव्हाच पुढचा खुंटा. मी विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, "दुसऱ्यानं मोजलेलं मानूस इसरते. सोताच्या हातानं मोजलेलं इसरता येत नाई." या रीतीमुळे त्यांनी मोजलेला धुरा सहसा कुणी उकरत नसे. देवळी-पुलगावकडची माणसं ऑफिसात येऊन मालकाला सांगत, तुमचं नवं यंत्र राहू द्या, म्हाताऱ्याले पाठवा.

कमलबाई आणि तिचा चुलत दीर तसेच आले होते. देवळीजवळ दोघांची वावरं लागून. कमलबाई माझ्या ओळखीची. देवळीच्या बाजारात ती वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसते आणि मी तिच्याकडूनच भाजी घेते. नवरा जाऊन काही वर्षं झाली. त्याने हयातीत रस्त्यापासून पार आतल्या टोकाशी, धुऱ्याला खेटून बोअर पाडला होता. त्या बोअरच्या पाण्यावर तिची भाजी होती आणि भाजीवर घर. जुने हद्दीचे दगड नाहीसे झाले होते आणि दीर म्हणत होता, बोअर माझ्या बाजूला आहे. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, मोजायचं काकांनी.

त्या दिवशी मी तिथे नव्हते. पुढे काकांनी सांगितलं ते असं. ऊन मी म्हणत होतं. नवं यंत्र मालकाने दुसरीकडे नेलं होतं. रस्त्याकडचा दगड शाबूत होता आणि तिथून धुऱ्याची रेघ रस्त्याशी बासष्ट अंश तीस कलांचा कोन करून दोनशे मीटर आत जाते, हे जुन्या मोजणीवरून ठरलेलं होतं. पण मध्ये बोरी-बाभळींची गच्च झाडी, त्यामुळे जुन्या यंत्रातून पलीकडचं टोक दिसेना. मग रस्त्याच्या कडेने काही अंतर मोजायचं आणि तिथून काटकोनात आत जाऊन टोक गाठायचं ठरलं. त्या दोन अंतरांसाठी आकडेमोड लागते. काकांचा स्वतःचा कॅल्क्युलेटर जुना, त्यावर अंश आणि कला वेगळ्या भरायची कळ होती. ऐन वेळी त्याची बॅटरी गेली. दीर आणि कमलबाई टेपची टोकं धरून एकमेकांना शिव्या मोजत उभे. काकांनी खिशातला मोबाईल काढला आणि त्यावर हिशेब केला. अंतरं निघाली, टेप ताणला गेला, दोघांनी मान्य म्हटलं, खुंटा ठोकला. बोअर दिराच्या बाजूला गेला, हातभर आत.

कमलबाई काही बोलली नाही. दिराने आठवड्यात सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली आणि तिच्या मोटारीची वायर गुंडाळून तिच्या दारात टाकली. मी नकाशा काढला, काकांनी सही केली, काम संपलं. पावसाळा तिने कसाबसा निभावला. पुढे हिवाळी भाजीच्या दिवसांत बाजारात तिची जागा रिकामी दिसू लागली. विचारलं तर शेजारची म्हणाली, ती दुसऱ्याच्या कापसात वेचणीला जाते.

चूक सापडली ती आमच्या ऑफिसात, भर दुपारी, आणि माझ्या निमित्ताने. मालकाने सगळ्यांच्या जादा कामाचे तास जोडून मागितले होते. एकाचे साडेतीन, एकाचे साडेचार. मी कॅल्क्युलेटरवर तीन पॉइंट तीस अधिक चार पॉइंट तीस केलं आणि वाचलं, सात साठ.

काका बऱ्याच दिवसांनी खळखळून हसले. "सात तास साठ मिनिटं? आठ म्हना ना, बाई. साडेतीन म्हंजे तीन पॉइंट पाच. साठाचं घर येगळं, शंभराचं येगळं. एका घरचं मानूस दुसऱ्या घरात तसंच घुसवलं तं घोटाळा होनारच ना."

हसता हसता ते थांबले. मला वाटलं ठसका लागला. पाणी दिलं तर ते घेतलं नाही. मग म्हणाले, "तो देवळीचा नकाशा काढा बरं."

मी पडद्यावर काढून दिला. त्यांनी आपला जुना कॅल्क्युलेटर काढला, अंशांच्या जागी बासष्ट आणि कलांच्या जागी तीस भरून अंतरं काढली. पुन्हा तीच अंतरं बासष्ट पॉइंट तीस असं भरून काढली. त्या दिवशी वावरात ठोकलेला खुंटा दुसऱ्या हिशेबाचा होता. तीस कला म्हणजे अर्धा अंश, बासष्ट पॉइंट पाच. मोबाईलला अंश-कलांची कळ नव्हती, आणि काकांच्या बोटांनी उन्हात, कलकलाटात, तीस कला सरळ पॉइंट तीस म्हणून भरल्या होत्या. फरक एका अंशाच्या पाचव्या भागाचा. करंगळीच्या नखाएवढाही नाही. पण दोनशे मीटर गेल्यावर तो सव्वादोन फूट होतो, आणि सव्वादोन फुटांत बोअर इकडचा तिकडे जातो. रेघेची लांबी दोन्ही हिशेबांत दोनशेच येत होती, म्हणून तिथे कुणाला संशय आला नव्हता.

काकांनी कॅल्क्युलेटर बंद केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मालकाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो काही वाईट माणूस नाही. कपाळ चोळत म्हणाला, "काका, तार ओढून झाली, सही होऊन गेली. दोघंही मान्य म्हणाले होते ना? आता तुम्हीच सांगत सुटलात तर उद्या सगळे जुने लोक दारात येतील, आमचंही तपासा म्हणून. मी ऑफिस चालवू की हे करत बसू?"

"तुमचंबी बरोबर हाय," काका म्हणाले. "पन पानी तिचं हाय."

पुढच्या रविवारी ते देवळीला आले. मी घरीच होते, त्यांनी बोलावलं म्हणून वावरात बरोबर गेले. कमलबाईला आणि दिराला त्यांनी तारेच्या दोन बाजूंना उभं केलं आणि सांगितलं, "माझ्या हातून चूक झाली. रेघ इथून नाई, तिकडं सव्वादोन फूट जाते. बोअर कमलबाईचा हाय."

दीर आधी हसला. मग म्हणाला, "साहेब, टेप कोनं धरला होता? एक टोक मी, एक टोक वहिनीनं. मान्य कोनं म्हनलं? दोघाईनं. हा कायदा तुमचाच हाय ना?"

"माझाच हाय."

"मंग आता कायले आले? वहिनीनं टोपलंभर वांगे देल्ले का?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मात त्यांना असं कुणी बोललं नसेल. ते कमलबाईकडे वळले, तिथून तरी काही आधाराचा शब्द येईल म्हणून. ती त्यांच्याकडे बघत होती ते रागानेच.

"साहेब, मी त्या दिवशी काऊन नाई बोलली ठावं हाय तुमाले? तुमी मोजलं म्हनून. दुसऱ्या कोनी मोजलं असतं तं मी तिथंच आडवी पडली असती."

  आम्ही धुऱ्याधुऱ्याने परत आलो आणि वाटेत त्यांनी एकदाही हात लांब करून काही मोजलं नाही.

सरकारी मोजणीचा अर्ज कमलबाईने दिला, काकांनी त्याला आपला जबाब जोडला. त्यानंतरचे महिने नुसते वाट बघण्यात गेले. तारीख लागायची, पुढे जायची. दीर गावभर सांगत होता, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. पुलगावच्या बसचा कंडक्टर गमतीने म्हणायचा, "काका, पहा बरं, गाडी सव्वादोन फूट सरकून तं नाई उभी?" सगळी बस हसायची आणि काकाही तोंडदेखलं हसायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. मालकाने त्यांना बाहेर पाठवणं बंद केलं आणि जुने नकाशे नीट लावायचं काम दिलं. ऑफिसात नवीन मुलगी आली, तिला काटकोन केवढा हे कुणीच विचारलं नाही.

बसमध्ये मात्र एक नवा नेम सुरू झाला. देवळीला मी चढले की ते खिशातून घडी घातलेला कागद काढायचे. त्यावर धुऱ्याची आकडेमोड पुन्हा नव्याने केलेली असायची. "बाई, एकडाव पाहून द्या." मी तपासायची. बासष्ट अंश तीस कला, दोनशे मीटर, तीच अंतरं. मी म्हणायची, "बरोबर आहे काका. दुसऱ्यांदा काढलंत तेच बरोबर आहे." ते कागद घडी करून खिशात ठेवत आणि खिडकीबाहेर बघत बसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा कागद. मला वाटायचं, लोक इतकं बोलतात, तर माणसाला रोज सकाळी थोडा धीर लागत असेल. मी कंटाळा न करता तपासत गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोजणी झाली. सरकारी मोजणीदार म्हणून एक तरुण मुलगी आली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात उपग्रहावरून जागा सांगणारी काठी. तिला ना टेप लागत होता, ना कुणी धरायला. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मालकाला कारण न सांगता रजा घेऊन आले होते, मीही तशीच. ते बोरीच्या झाडाखाली उभे राहिले आणि मुलगी पुढे सरकेल तसे मान पुढे करून बघत राहिले. दिवाळीला नवे कपडे घातलेल्या माणसासारखे दिसत होते. मला वाटलं, आज यांचा दिवस आहे.

मुलीने शेवटची खूण केली आणि चुन्याची रेघ ओढायला सांगितली. रेघ तारेच्या पलीकडून गेली, सव्वादोन फूट, जवळपास बोटाचाही फरक नाही. बोअर कमलबाईच्या बाजूला आला. दिराने दोन-चार प्रश्न विचारले, मुलीने पडद्यावर दाखवलं. मग तो बांधावर बसला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "उद्या काढतो खांब."

कमलबाईने वायर जोडून मोटार चालू केली. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. भाजीच्या वाफ्यांमध्ये धसकटांशिवाय काही नव्हतं, पाणी त्यांच्यातून वाहत गेलं. काका जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "एक हंगाम गेला, साहेब."

"हो," काका म्हणाले.

"आता सांभार टाकून पाह्यतो. निघालं तं निघालं." एवढं बोलून ती वाफ्याचं तोंड फोडायला वाकली. आभार मानले नाहीत, आणि मानायला हवे होते असं मलाही वाटलं नाही.

आम्ही देवळीच्या स्टँडवर येऊन बाकावर बसलो. त्यांना पुलगावची बस हवी होती. मी मनापासून खूश होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, "काका, शेवटी तुमचंच खरं निघालं. आता कोण काय बोलतं ते बघूच."

 समोर ड्रायव्हर एक बस मागे घेत होता, काका तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी रोज तुमाले कागद पाहाले देत होतो ना?"

"हो."

"मले वाटे, एखांद्या दिवशी तुमी म्हनसान, काका, इथं चुकले तुमी. पयलंच बरोबर होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या शर्टाची इस्त्री एव्हाना मोडली होती.

"आजबी वाटत होतं," ते म्हणाले. "त्या पोरीनं चुना टाकला तोवर."

पुलगावची बस लागली. ते उठले, रांगेत उभे राहिले आणि चढले. दुसऱ्या दिवशी माझी बस आली तेव्हा खिडकीजवळच्या जागेवर कुणीतरी दुसरंच बसलेलं होतं. काका ऑफिसात आले नाहीत, त्यानंतरही कधी आले नाहीत.